मुलींच्या फळीवरचे अंक: कॉमिक्सचा इतिहास सांगणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

कॉमिक्सवर लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या आणि कॉमिक्स जमवणाऱ्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं लिखाण मी गेली कित्येक वर्षं मन लावून वाचते आहे. वेताळाचा एखादा जुना इंद्रजाल अंक मिळावा म्हणून तुम्ही किती रद्दीवाले पालथे घालता, पानांची डागडुजी कशी करता, हे वाचून मला तुमच्याविषयी आदर वाटतो. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. ज्यांना या गोष्टीची आस्थाच नाही त्यांना लिहून काय उपयोग?

ब्रिटिश कॉमिक्सचा विषय निघाला की तुमची मांडणी ठरलेली असते. डँडी आणि बीनो या विनोदी साप्ताहिकांपासून सुरुवात, मग ईगल आणि त्यातला अंतराळवीर डॅन डेअर, मग कमांडोच्या युद्धकथा, मग २००० एडी हे विज्ञानकथांचं साप्ताहिक आणि त्यातला जज ड्रेड, आणि तिथून थेट लेखक ॲलन मूर. असे लेख मी वाचले आहेत, भाषणं ऐकली आहेत. त्यांत मुलींची साप्ताहिकं नसतात: बंटी नसते. टॅमी नसते. जिंटी आणि मिस्टी यांची नावंही नसतात. एका कार्यक्रमानंतर मी वक्त्यांना याबद्दल विचारलं, तर ते सौजन्याने म्हणाले, ‘ते मुलींचं वेगळं होतं हो.’

वेगळं नव्हतं. एवढंच सांगण्यासाठी हे पत्र आहे, पण ते सांगायला जरा जागा लागेल.

१९७९-८० च्या सुमारास आम्ही गिरगावात राहायचो. चाळीपासून चार पावलांवर एका दुकानाच्या अर्ध्या गाळ्यात लायब्ररी होती. अंकाला रोजचे पंचवीस पैसे. पुढच्या फळीवर कमांडो आणि इंद्रजाल, आणि आत, जिथे दिवा नीट पोहोचायचा नाही, तिथे मुलींचे अंक: बंटी, जूडी, मँडी, टॅमी, मिस्टी. ते विलायतेहून कित्येक महिने उशिरा यायचे, आणि मधले अंक कधी यायचेच नाहीत. मी मराठी शाळेतली. माझी मावसबहीण कॉन्व्हेंटमध्ये होती. ताई वाचायची आणि मला मराठीत सांगत जायची, मी तिच्या खांद्यावरून चित्रं बघत बसायची. वर्षभरात मला ताईची वाट बघवेना. शब्द अडला तर अडला, चित्र पुढे न्यायचं. माझं इंग्रजी वाचन असं सुरू झालं, आणि आमच्या वयाच्या कितीतरी बायका हेच सांगतील.

आता या अंकांचा इतिहास.

ब्रिटनमध्ये मुलींची साप्ताहिकं कॉमिक्सच्या आधीपासून होती. ‘गर्ल्स ओन पेपर’ १८८० चा. ‘स्कूल फ्रेंड’ १९१९ मध्ये निघालं तेव्हा ते चित्रांचं नव्हतं, छापील गोष्टींचं होतं. त्यात क्लिफ हाउस नावाच्या शाळेच्या आणि बेसी बंटर नावाच्या खादाड मुलीच्या गोष्टी यायच्या. लेखिकेचं नाव हिल्डा रिचर्ड्स. प्रत्यक्षात अशी कुणी बाई नव्हतीच. आधी चार्ल्स हॅमिल्टन आणि नंतर इतर पुरुष लेखक त्या नावाने लिहायचे. पुढची पन्नासेक वर्षं या धंद्यात काय चाललं याची खूण इथेच दिसते: वाचक मुली, नाव बाईचं, लेखणी बहुतेक वेळा पुरुषाची.

१९५० मध्ये ‘स्कूल फ्रेंड’ कॉमिक म्हणून नव्याने निघालं. त्याच वर्षी ईगल निघाला, तो तुम्हाला पाठ आहे. पण ‘स्कूल फ्रेंड’चा खपही त्या वर्षांत आठवड्याला दहा लाखांच्या आसपास होता, हे मी तुमच्या एकाही लेखात वाचलेलं नाही. त्यातली ‘सायलेंट थ्री’ ही वसतिगृहातल्या तीन मुलींच्या गुप्त मंडळाची मालिका एव्हलिन फ्लिंडर्स काढायच्या. म्हणजे डॅन डेअर ज्या काळात अंतराळात जात होता, त्याच काळात एक बाई आठवड्यामागून आठवडे लाखो मुलींसाठी बुरखे घातलेल्या मुली काढत होती. ईगलवाल्यांनी १९५१ मध्ये बहीण म्हणून ‘गर्ल’ काढलं. पहिल्या पानावर किटी हॉक आणि तिचं सगळ्या मुलींचं विमानपथक! ते फार टिकलं नाही. काही काळातच किटी आतल्या पानांत गेली आणि पहिल्या पानावर वेंडी आणि जिंक्स या शाळकरी मुली आल्या. मला त्या किटीचं अजूनही वाईट वाटतं.

जानेवारी १९५८ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसनने ‘बंटी’ काढलं. बीनो आणि डँडी काढणारी हीच कंपनी. बंटी २००१ पर्यंत चाललं आणि त्यातली ‘फोर मेरीज’ ही मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत. सेंट एल्मोज शाळेतल्या चौघीजणी, चौघींचं नाव मेरी. त्यांतली मेरी सिम्प्सन शिष्यवृत्तीवर आलेली, कामगाराच्या घरातली, आणि तिच्याच खोलीत मेरी रॅडली, थेट उमरावाची लेक. वर्गातल्या श्रीमंत मुली सिम्प्सनला टोमणे मारायच्या तेव्हा ताई आणि मी दोघींचे हात आवळले जायचे. फी भरायला उशीर झाला म्हणून वर्गात उभं राहणं आम्हालाही माहीत होतं. बंटीच्या मागच्या पानावर कागदी बाहुली असायची, कपड्यांसकट, कापून घ्यायची. ती आमच्या हाती कधीच लागली नाही, कारण आमच्या आधी अंक नेणाऱ्या कुणीतरी ती कापून घेतलेली असायची.

मग ‘जूडी’ १९६० मध्ये आलं, ‘डायना’ १९६३ मध्ये, ‘मँडी’ १९६७ मध्ये. ‘जॅकी’ १९६४ चं, पण ते गाण्याबजावण्याचं आणि प्रेमाबिमाचं, थोड्या मोठ्या मुलींचं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्याचा खप आठवड्याला सहा लाखांच्या घरात होता. त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी इथे थांबत नाही.

मला थांबायचं आहे ते टॅमीपाशी.

फेब्रुवारी १९७१ मध्ये लंडनच्या आयपीसी या प्रकाशन कंपनीने ‘टॅमी’ काढलं. संपादक जेरी फिनली-डे. पहिल्याच अंकात त्यांची ‘स्लेव्ह्ज ऑफ वॉर ऑर्फन फार्म’ सुरू झाली: युद्धात अनाथ झालेल्या मुलांना शेतावर आणि खाणीत राबवणारी मा थॅचर आणि तिच्याशी झुंजणारी केट. चहापान आणि घोडेस्वारी यांत रमलेल्या मुलींच्या अंकांत असं काही आधी नव्हतं. १९७४ मध्ये बेला बार्लो आली. आईबाप नाहीत, काका-काकू खिडक्या पुसण्याच्या धंद्याला जुंपतात, आणि या पोरीला जिम्नॅस्ट व्हायचं आहे. म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ओल्गा कोर्बुटने जगाला वेड लावलं त्याला दोनच वर्षं झाली होती. जेनी मॅकडेड यांच्या लेखणीची आणि जॉन आर्मस्ट्राँग यांच्या हाताची बेला इतकी धरली गेली की ती पुन्हा पुन्हा परत येत राहिली. आर्मस्ट्राँगनी शरीर कसं काढलंय ते एकदा बघा. बेला हवेत असते तेव्हा तिचं वजन कुठे आहे ते दिसतं, आणि जमिनीवर उतरताना गुडघ्याला बसलेला हिसका आपल्याला जाणवतो. हालचाल रेखाटणारे मोठे कलावंत म्हणून तुम्ही जी नावं घेता, त्यांत हे नाव बसलंच पाहिजे.

‘जिंटी’ १९७४ मध्ये आलं. आमच्या लायब्ररीत त्याचे मोजकेच अंक होते, बाकीचं मी पुढे मोठेपणी मिळवून वाचलं. त्यात १९७६ मध्ये ‘फ्रॅन ऑफ द फ्लड्स’ आली. सूर्याची उष्णता वाढते, पाऊस थांबतच नाही, ब्रिटन पाण्याखाली जातं, आणि फ्रॅन नावाची शाळकरी मुलगी बहिणीला शोधत स्कॉटलंडकडे निघते. वाटेत माणसं कशी वागतात, कोण भाकरी वाटून घेतं आणि कोण हिसकावतं, हे सगळं त्यात आहे. २६ जुलै २००५ ला मी दादरहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले. त्या रात्री मला फ्रॅन आठवली होती. मी हे कुणाला बोलले नाही, आज लिहिते आहे.

त्याच वर्षीची, त्याच अंकातली ‘स्टेफाज हार्ट ऑफ स्टोन’. लेखिका ॲलिसन ख्रिस्ती, चित्रं फिल टाउनसेंड यांची. स्टेफाची जिवलग मैत्रीण जॉय मरते. स्टेफा ठरवते, यापुढे कुणावर जीव लावायचा नाही. बागेतल्या एका दगडी पुतळ्यासारखं व्हायचं. ती आईवडिलांशी, शाळेतल्या मुलींशी अशी काही निष्ठुर वागते की वाचताना तिचा राग येतो, आणि तरी तिचं दुःख कळत राहतं. साप्ताहिकात, तीन-तीन पानांच्या तुकड्यांत, दहा-बारा वर्षांच्या मुलींना शोक म्हणजे काय हे कुणी अशा रीतीने सांगितलंय? ‘रडक्या गोष्टी’ म्हणून ज्यांनी हे अंक बाजूला ठेवले, त्यांनी ही एक मालिका वाचावी आणि मग मला सांगावं.

रडणं होतं, मी नाकारत नाही. छळ तर इतका असायचा की आज वाचताना काही ठिकाणी अंगावर येतो. गोऱ्या मुलींच्या त्या जगात आमच्या रंगाच्या मुली क्वचितच दिसायच्या. पांगळी मुलगी शेवटी चमत्काराने चालू लागते, अशा गोष्टीही रगड होत्या. पण त्याच जिंटीत १९७७ मध्ये ‘लँड ऑफ नो टीअर्स’ आली. पायाने अधू असलेली कॅसी भविष्यकाळात जाऊन पडते. तिथे निर्दोष मुली ‘आल्फा’ आणि व्यंग असलेल्या ‘गॅमा’, आणि गॅमांच्या वाट्याला मोलमजुरी. कॅसी त्या गॅमा मुलींना एकत्र करून स्पर्धेत उतरवते. ही गोष्ट पॅट मिल्स यांची आहे. हो, तेच. तुमचे पॅट मिल्स.

आता तुमच्या इतिहासाकडे येऊ.

२००० एडी १९७७ मध्ये उभं केलं पॅट मिल्स यांनी. जज ड्रेड लिहिला जॉन वॅग्नर यांनी. रोग ट्रूपर लिहिला जेरी फिनली-डे यांनी. ही तिन्ही नावं तुम्ही देवासारखी घेता, आणि घ्यावीतच. पण मिल्स आणि वॅग्नर एकमेकांना भेटले ते डंडीला, डी. सी. थॉमसनच्या ‘रोमिओ’ या मुलींच्या साप्ताहिकाच्या कामात. वॅग्नर पुढे लंडनला ‘सँडी’ या मुलींच्या अंकाचे संपादक झाले. मिल्सनी टॅमी आणि जिंटीसाठी लिहिलं. फिनली-डे टॅमीचे पहिलेच संपादक. पोरांच्या अंकांत नायक आठवड्याला एक शत्रू लोळवायचा आणि पुढच्या आठवड्याला दुसरा. मुलींच्या अंकांत नायिका अडकायची, चुकायची, खोटं बोलायची, पस्तावायची, आणि तीन पानांच्या शेवटी अशा कड्यावर उभी राहायची की पुढचा अंक घ्यावाच लागे. ही कला या मंडळींनी मुलींच्या टेबलावर कमावली आणि मग पोरांच्या टेबलावर नेली. स्वतः मिल्स हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. मिल्स यांची पहिल्या महायुद्धावरची ‘चार्लीज वॉर’ वाचताना तुमच्या घशात आवंढा येतो ना? तो कुठून आला ते शोधायचं असेल तर टॅमीचे अंक उघडा.

आणि मिस्टी. फेब्रुवारी १९७८ ते जानेवारी १९८०, १०१ अंक, एवढंच तिचं आयुष्य. मिल्सना मुलींसाठी भयकथांचं असं साप्ताहिक हवं होतं, ज्यात २००० एडीसारखी मोठी, पान व्यापणारी चित्रं असतील. पुढे मालकम शॉ यांनी ते सांभाळलं. पान उघडलं की आत शर्ली बेलवुड यांनी काढलेली मिस्टी उभी असायची, लांब काळे केस, धुक्यातून बोलावणारी. लायब्ररीतल्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहून ते पान उघडणं मला अजून आठवतं. ‘मूनचाइल्ड’मधली रोझमेरी बघून मी आठवडाभर खुर्च्या नुसत्या नजरेने हलवायचा प्रयत्न करत होते. मिस्टीतल्या छोट्या भयकथांत वाईट वागणाऱ्या मुलीची सुटका नसायची. शेवटच्या चौकटीत ती आरशात, भिंतीत किंवा बाहुलीत कायमची अडकलेली. चौकटीही सरळ नसायच्या: गोल, तिरक्या, फाटल्यासारख्या. चित्रांच्या मांडणीवर तुम्ही इतकं बारकाईने लिहिता. मिस्टीच्या एका पानावर लिहून बघा.

ही चित्रं काढली कुणी, हे त्या काळी वाचकांना माहीत नसायचं. नाव छापायचं नाही, असाच रिवाज होता. टॅमीने जुलै १९८२ पासून काही काळ नावं छापली, तेव्हा कुठे मुलींना कळलं की बेला कोण काढतं. कितीतरी चित्रकार तर ब्रिटनमध्ये राहतही नव्हते. बार्सिलोनातल्या एजन्सींमार्फत स्पेनमधून पानं लंडनला यायची, कारण तिथल्या मोबदल्यापेक्षा ब्रिटिश पैसा बरा होता. त्रिनी तिंतुरे, पुरिता काम्पोस ही त्यांतलीच नावं. पुरिताबाईंची ‘पॅटीज वर्ल्ड’ ब्रिटनमध्ये बिननावाची आली आणि गेली. तीच स्पेनमध्ये ‘एस्तेर’ या नावाने पोहोचली आणि तिथल्या एका अख्ख्या पिढीच्या मुलींची झाली. एकच रेघ, एकीकडे अनाम आणि दुसरीकडे घरोघरची. इतिहास लिहिणाऱ्याने काय केलं आणि काय केलं नाही, याने एवढा फरक पडतो.

या अंकांचा शेवट कसा झाला तेही सांगते. तिथल्या धंद्यात एक रीत होती: अंक जन्माला घालायचा, खप उतरला की दुसऱ्याशी लग्न लावायचं, आणि काही महिन्यांत नाव पुसून टाकायचं. ‘जून’, ‘सँडी’ आणि ‘सॅली’ ही साप्ताहिकं टॅमीत गेली. जानेवारी १९८० मध्ये मिस्टी टॅमीत गेली. नोव्हेंबर १९८१ मध्ये जिंटी गेली. सगळ्या नद्या टॅमीत आल्या, आणि जून १९८४ मध्ये टॅमी अचानक थांबलं. आयपीसीत संप झाला आणि अंक पुन्हा निघालाच नाही. चालू मालिका अर्ध्यावर राहिल्या. इथे गिरगावात ताई आणि मी लायब्ररीवाल्या काकांशी भांडलो. आम्हाला वाटलं, पुढचे अंक त्यांनी दुसऱ्या कुणाला दिले. ते बिचारे परोपरीने सांगत होते की माल आलाच नाही. त्या गोष्टींचा शेवट लंडनच्या मुलींनाही मिळाला नव्हता, हे मला कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि काका हयात नव्हते.

डी. सी. थॉमसनचे अंक जरा जास्त तगले. जूडी आणि मँडी १९९१ मध्ये एक झाल्या आणि १९९७ मध्ये संपल्या. बंटी २००१ मध्ये. टीव्ही होता, गुळगुळीत कागदाची मासिकं होती, बदललेल्या आवडी होत्या. पण मला वाटतं, मालकांनीच या अंकांना कधी जपण्याजोगं मानलं नाही. छापून झालेली मूळ पानं बहुतांशी चित्रकारांकडे परत गेली नाहीत.

२०१६ मध्ये मात्र एक चांगली गोष्ट झाली. २००० एडी ज्यांच्याकडे आहे त्या ऑक्सफर्डच्या रेबेलियनने टॅमी, जिंटी, मिस्टी यांचे हक्क विकत घेतले आणि मूनचाइल्ड, बेला, फ्रॅन, लँड ऑफ नो टीअर्स या मालिका पुस्तकरूपाने पुन्हा यायला लागल्या. म्हणजे आता ‘वाचायला मिळत नाही’ ही सबबही उरलेली नाही.

माझं मागणं असं आहे. पुढच्या वेळी ब्रिटिश कॉमिक्सवर बोलाल तेव्हा १९७७ च्या आधी १९७१ सांगा. मुलींच्या अंकांसाठी महिला दिनाला एखादं वेगळं टिपण नको, त्यांना मुख्य ओळीतच जागा हवी, ईगल आणि २००० एडीच्या मध्ये, जिथे ते खरोखर होते. बेलवुड, आर्मस्ट्राँग, ख्रिस्ती, मॅकडेड ही नावं उच्चारा.

आणि घरात विचारा. तुमच्या आईला, बहिणीला, बायकोला, मावशीला. मुंबई-पुण्याच्या लायब्ऱ्या बंद झाल्या तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे किलोवर गेले, पण काही माळ्यांवर अजून असणार. इंद्रजालसाठी तुम्ही जी मेहनत घेतलीत तीच या अंकांसाठी घ्या: कोणता अंक कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, कुणी कुठल्या लायब्ररीतून आणला होता, हे नोंदवून ठेवा. इथल्या मुलींनी हे अंक कसे वाचले, किती जणींनी त्यातून इंग्रजी उचललं, हे त्या बायकांकडून आत्ताच विचारून घ्यायला हवं. ताई आता साठीला आली आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. माझ्या ट्रंकेत मिस्टीचे एकतीस अंक आहेत, टॅमीचे बावीस, बंटीचे चौदा, आणि मँडीचे दोन जाड पुठ्ठ्याचे वार्षिकांक. टॅमीच्या काही अंकांना कसर लागली आहे. ज्यांना बघायचे असतील, नोंद करायची असेल, त्यांनी घरी यावं. मी टेबल रिकामं करून ठेवते. बंटीच्या चौदाही अंकांची मागची पानं मात्र कापलेली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
आतल्या फळीवरची एक वाचक